उरलेला फर्मा

जो माणूस तीस वर्षं पुस्तकांत बसून एकही पुस्तक घरी नेत नाही, तो एके दिवशी अचानक नेतो म्हटल्यावर मनात पाल चुकचुकणारच. निदान माझ्या तरी चुकचुकली. मी वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर बसायचे. पुस्तक नेणाऱ्याचा चेहरा बघायचा आणि परत आलेल्या पुस्तकाचं पान न् पान, ही माझी पद्धत. बाईंचा कुणावर विश्वास नाही, असं लोक म्हणायचे. नव्हताच. कोपरे दुमडणारे, चित्रं कापून नेणारे, चहाचा डाग पाडून वर 'आधीपासूनच होता' म्हणणारे, सगळे मी पाहिलेत.

हा माणूस म्हणजे आमचे खळमामा. वाचनालयाचे बाइंडर. पुस्तकं चिकटवायची खळ स्वतःच शिजवायचे आणि ती नखांत कायम वाळलेली असायची, म्हणून खळमामा. जिन्याखालच्या खोलीत त्यांचं राज्य. मधोमध कागद कापायचं लोखंडी मशीन, भिंतीला दोऱ्यांची रिळं, आणि सुई कुठे असेल तर शर्टाच्या कॉलरला टोचलेली. माणसांशी बोलायचं त्यांच्या जिवावर यायचं. फाटकं पुस्तक हातात आलं की मात्र विचारायचे, "काय रे, कुणी केली तुझी ही दशा?" आणि खळीचा हात धुतल्याशिवाय पुस्तकाला शिवायचे नाहीत. नाकासमोर चालणारा माणूस. पण नाकासमोर चालणाऱ्यांवर तर जास्तच लक्ष ठेवावं, असं माझं मत.

त्या दिवशी ते बाह्या खाली करून माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "बाई, माझं कार्ड काढा."

"कशाला?"

"वाचायला."

मला हसूच फुटलं. "काय वाचणार?"

"अकरा नंबरचं कपाट."

अकरा नंबरच्या कपाटात जुन्या थोर ग्रंथांची माला होती. एक्याण्णव पुस्तकं, सगळी एका आकाराची, एका रंगाची. कोणता ग्रंथ किती जुना त्या हिशोबाने लावलेली. सगळ्यांत प्राचीन तो पहिला, मग त्याच्या नंतरचा, मग त्याच्याही नंतरचा. मोठे पाहुणे आले की साहेब हे कपाट दाखवायचे. उघडायचं कुणी नाही. किल्ली माझ्याकडे, पण कुलपात ती फिरवायला मला दोन्ही हात लावावे लागले.

"यातलं कुठलं देऊ?"

"पहिलं. मग दुसरं. सगळी वाचणार आहे, क्रमाने."

"मधलं एखादं चांगलं देते की. पहिली वीस नुसती युद्धंच असतील."

"नको बाई. एक सोडून पुढे जायचं नाही."

आता सांगा, संशय येईल की नाही? पावणेदोन वर्षांवर निवृत्ती आलेला माणूस, सातवीत शाळा सोडलेला, याला एकदम प्राचीन ग्रंथांचा उमाळा कुठून आला? पहिलं पुस्तक नऊ दिवसांनी परत आलं. मी ते उजेडात धरलं, झटकलं, चक्क हुंगलं. काही नाही. दुसरं आठ दिवसांनी. मी मुद्दाम विचारलं, "काय होतं हो यात?"

"दोन भाऊ असतात. धाकटा समुद्रापलीकडे जातो."

"आणि?"

"आणि काय, येतो परत. पण तोवर थोरल्याचं दार बंद झालेलं असतं." मग म्हणाले, "वाईट वाटलं हो."

हे पाठ करून आलेत, असं मी मनाशी म्हटलं. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण जग काही डोळे मिटून बसत नाही. मी त्यांच्यावर पाळत ठेवली. दुपारच्या सुट्टीत ते डबा उघडायचे तो एका हाताने, दुसऱ्या हातात पुस्तक. ओठ हलायचे. वाचता वाचता मध्येच थांबायचे, दोन पानं मागे जायचे, आणि पानांच्या सांध्यात, शिवणीपाशी, बोट घालून बघायचे. हे मात्र मला खटकलं. वाचणारा माणूस शिवणीत कशाला बोट घालेल? शिवणीत बोट घालतो तो पान काढणारा.

एकदा मी जिन्याखाली गेले तर त्यांनी घाईघाईने टेबलाचा खण लोटला. खाई त्याला खवखवे! झोप उडाली माझी.

दीड वर्ष असंच गेलं. चौसष्ट पुस्तकं झाली. निवृत्तीला दोन महिने उरले. एका सकाळी मामा दवाखान्यात डोळे तपासायला गेले होते, तेव्हा मी खाली गेले आणि खण उघडला. होय, उघडला. आत धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली सोळा जुनी पानं होती. तोच कागद, तोच टाइप, तीच उंची. अकरा नंबरच्या कपाटाचीच पानं, डोळे झाकून सांगितलं असतं. रंगेहाथ! खरं सांगते, तेव्हा मला वाईटबिईट काही वाटलं नाही. आनंद झाला. माझं बरोबर निघालं याचा आनंद.

मी ती पानं साहेबांच्या टेबलावर ठेवली. आमचे ग्रंथपाल, त्यांना सगळे साहेब म्हणायचे. दुपारी त्यांनी मामांना बोलावलं.

"ही पानं कुठल्या पुस्तकातून फाडलीत?"

मामा आधी पानांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. म्हणाले, "फाडली नाहीत साहेब. उरलीत."

आणि जे त्या माणसाने कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं. मोठा छापील कागद घडी घातला की सोळा पानांची जुडी होते, तिला बांधणीवाले फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक. ही माला आली तेव्हा छापखान्यातून सुटे फर्मे आले होते आणि मामा कामाला लागून महिना झाला होता. आधी शिवायचं, मग कडा कापायच्या, अशी रीत. यांनी घाईत आधी कापलं. आणि कापलं तेही जरा जास्त. खालच्या कडेला असलेले पानांचे आकडे सगळ्याच्या सगळ्या पुस्तकांचे गेले. मग रात्रंदिवस बसून शिवली. एक्याण्णवावं शिवून झालं आणि झाडू मारताना मशीनखाली एक फर्मा सापडला.

"कुठल्या पुस्तकाचा, ते कळायला मार्ग नाही," मामा म्हणाले. "आकडा नाही. पानांत कुणाचं नाव नाही. एक म्हातारी दारात आलेल्या माणसाला बोलतेय, सोळा पानं नुसती बोलतेय. मी म्हटलं, कुणीतरी तक्रार घेऊन येईल, मध्येच गोष्ट तुटते म्हणून. आला की गुपचूप शिवून टाकू. तीस वर्षं वाट बघितली."

"आणि कुणी आलंच नाही?" साहेबांनी विचारलं.

"नाही. कुणी वाचलंच नाही ना."

इथे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे चोरी याची आणि दोष आमच्या वाचनालयाला! मी म्हटलं, "उचलली जीभ लावली टाळ्याला! सोळा पानं शोधायला चौसष्ट पुस्तकं वाचली म्हणे."

"तेव्हा कपाटात लावण्याआधी नुसते सांधेच बघितले होते बाई," ते शांतपणे म्हणाले. "पण गोष्ट कळल्याशिवाय काय तुटलंय ते कळत नाही. म्हणून पहिल्यापासून घेतलं. मग गोडीच लागली."

साहेबांनी कार्ड जमा करून घेतलं. चौकशी संपेपर्यंत येऊ नका म्हणाले. मामांनी कॉलरची सुई काढली, टेबलावर ठेवली, नमस्कार केला आणि गेले. दोन महिन्यांनी त्यांची निवृत्तीची तारीखही तशीच गेली. निरोप नाही, हार नाही, दोन शब्द नाहीत. कार्डावर लाल शाईने मी माझ्या हाताने लिहिलं होतं, 'पाने फाडल्याचा संशय'.

मग साहेबांनी मला कामाला लावलं. "पानं कुठून फाडलीत ते पुस्तक शोधा. त्याशिवाय चौकशी पुरी होत नाही."

आता गंमत बघा माझ्या स्वभावाची. मामांनी चौसष्ट पुस्तकं वाचून बाजूला केली होती. उरली होती सत्तावीस. कुणीही शहाण्या बाईने पासष्टाव्यापासून सुरुवात केली असती. पण मी ठरवलेलं की हा माणूस खोटारडा. याचं वाचलेलं मी का धरू? मी पहिल्यापासून सुरू केलं. पहिलं, मग दुसरं. एकही न सोडता.

पहिली सात-आठ पुस्तकं मी दात-ओठ खात वाचली. दुसऱ्यात खरंच दोन भाऊ होते, आणि दार बंद झाल्यावर माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मामांचाच राग आला मला. पुढे राग कमी झाला. एकोणिसाव्यातली एक लेक मला आठ दिवस डोळ्यांसमोर दिसत होती. तिसाव्यापर्यंत मी शोधायचं विसरूनच वाचायला लागले होते. पण संशय काही गेला नाही. तिसाव्यात नाही, चाळिसाव्यात नाही, म्हणजे मेल्याने पान कुठून काढलं तेही कळू नये अशी सफाई केलीय, असंच मला वाटायचं. म्हातारीची ती सोळा पानं एव्हाना तोंडपाठ झाली होती. तोंडाची भारी फटकळ बाई. दारात आलेल्याला म्हणते, "जोडे काढ आधी. आणि परत मागू नकोस, माझ्या दारात काढलेले जोडे मी कुणाला परत देत नाही."

सहासष्टावं पुस्तक हातात घेतलं तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती. साहेब बदलले होते. त्यात एक राजा शिकारीत वाट चुकतो. जरीचे जोडे चिखलात रुतताहेत, लांब एक दिवा दिसतोय. पान उलटलं. राजा महालात उभा, अनवाणी, आणि रडतोय.

मी म्हटलं, हा रडतोय कशाला? आणि याचे जोडे कुठे गेले?

मग म्हातारी आठवली. शिवणीत बोट घातलं, अगदी मामा घालायचे तसं. तिथे काही फाटलेलं नव्हतं. फाडलेल्या पानाचा खुंट नाही, दोरा ढिला नाही. शिवण जन्मापासून जशीच्या तशी. इथून कुणी काही काढलंच नव्हतं. इथे ते कधी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी पुस्तक आणि फर्मा घेऊन मी मामांच्या घरी गेले. दार मामींनी उघडलं. मला बघून म्हणाल्या, "आता काय तपासायला आलात? भांडी मोजून घेता?" मी मान खाली घातली.

मामा खिडकीपाशी खुर्चीवर बसले होते. माझ्या आवाजाकडे वळले, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. तेव्हा कळलं. डोळे तपासायला जात होते ते यासाठी. आता उजेड आणि अंधार, एवढंच उरलं होतं.

"मामा, सापडलं," मी म्हटलं आणि फर्मा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी फडकं मागवलं, हात पुसले, आणि घडीवरून अंगठा फिरवला. "भोकं नाहीत बघा. एकदा शिवलेला फर्मा असता तर घडीला सुईची भोकं असती. हा कधी शिवलाच नाही."

मी पानं उजेडात धरली. एकही भोक नव्हतं. साडेतीन वर्षं ती पानं माझ्या खणात होती. काखेत कळसा!

"मामा, हे तेव्हाच का नाही सांगितलंत? एका मिनिटात सुटला असता."

"सांगणार होतो. पण तीस वर्षं एका छपराखाली काम केलं बाई. तुम्हाला भोकं मोजून दाखवायची वेळ यावी, हे काही जमेना." मग त्यांनी विचारलं, "कितवं निघालं?"

मी म्हटलं, "सहासष्टावं."

ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट. फार तर तीन आठवडे. तेवढे दिले असते तर त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी शोधलं असतं, स्वतःच्या सुईने शिवलं असतं, आणि हार घालून घरी आले असते. मी रडायला लागले. त्याआधी आयुष्यात मी कुणासमोर रडले नव्हते.

"चुकलं माझं मामा," मी म्हटलं. "नव्या साहेबांना सगळं लेखी देते उद्या. कार्डावरचं खोडलंय मी." आणि त्यांची ती सुई पुढे केली. "हा आत्ता शिवून टाका. नाहीतर आधी म्हातारीची पानं वाचून दाखवू?"

मामांनी सुई चाचपली, कॉलरला टोचली. फर्मा फडक्यात गुंडाळून माझ्या हातात परत दिला.

"असं मधूनच नको," ते म्हणाले. "माझं पासष्टावं राहिलंय."

मामींनी आतून विचारलं, बाई चहा घेणार का. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी अकरा नंबरचं कपाट उघडलं, मामांच्या कार्डावर पासष्टावं पुस्तक चढवलं आणि काम सुटल्यावर त्यांच्याकडे वाचायला गेले.