ठोक्यानं शोधलेली शांत जागा

ठोक्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणारं गॅरेजात कुणी उरलं नव्हतं. सव्वीस वर्षं त्यानं एकच काम केलं. गाडी कुठंतरी धडकून यायची, दार आत गेलेलं, मडगार्ड चेपलेलं. ठोक्या पत्र्याच्या मागं लोखंडी ठोकळा धरायचा आणि पुढून हातोडीनं ठोकत बसायचा. शेवटी डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा पोचा त्याच्या तळहाताला बरोबर सापडायचा.

मालक म्हणायचा, "याच्या हाताला डोळे आहेत. तोंडाला तेवढा ब्रेक नाही." कारण ठोक्या बोलायचा तो ओरडूनच. पण गॅरेजात सगळेच बेंबीच्या देठापासून बोलायचे, त्यामुळं त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

घरी मात्र त्याच्या तोंडाला कुलूप असायचं. ते त्यानं स्वतःच घातलं होतं, पोरीसाठी.

पोर अकरा वर्षांची. लहानपणापासून कुणी हात लावला की अंग आखडून, केस विस्कटून अशी काही उभी राहायची, की ठोक्यानं तिचं नाव साळू ठेवलं, साळिंदरावरून. साळूला आवाज सोसायचा नाही. भांडं पडलं, कुणी शिंकलं, खुर्ची सरकली, की ती दोन्ही कानांवर हात दाबून किंचाळायची, भिंतीवर डोकं आपटायची. कपड्याची शिवण टोचायची, ट्यूबलाइटची फडफड डोळ्यांत जायची. डॉक्टर म्हणाले, तिला सगळंच जास्त ऐकू येतं, जास्त लागतं, आपल्याला मुंगी चावली तर तिला विंचू चावतो असं समजा.

ठोक्यानं तसं समजून घेतलं आणि घर सजवलं. भंगारात निघालेल्या गाड्यांच्या दारांचं काळं रबर सोलून आणायचा आणि चिकटवायचा. कपाटाला, खिडकीला, खुर्चीच्या पायांना, संडासाच्या दाराला, डब्यांच्या झाकणांना. दारावरची बेल काढून टाकली. ताटं प्लास्टिकची केली. घरातलं दार लागलं की चांगल्या गाडीचं दार लागावं तसा मऊ, बुजरा आवाज यायचा. बायको साळूशी कुजबुजून बोलायची आणि नवऱ्याशी खुणांनी. जेवण, पाणी, झोपली, उठली, मेहुणा आलाय, सगळ्याला खुणा होत्या. मेहुण्याची खूण नाक वर करून दाखवायची होती.

हा मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, एका कचेरीत कारकून. कागद भरण्यात पटाईत. त्यानं एक दिवस छापील अर्ज आणून टेबलावर ठेवला. अशा मुलांसाठी शहराबाहेर निवासी शाळा होती, तिचा.

"दाजी, रागावू नका," तो म्हणाला. "पोरगी आता मोठी झाली. आईच्या खांद्याला लागली. उद्या हिला उचलून आपटेल. आणि माझी बहीण चार वर्षांत दूधवाल्याच्या पुढं गेलेली नाही."

"माझं मी बघतो," ठोक्या म्हणाला.

"तुम्ही दिवसभर गॅरेजात. बघते ती."

बायको अर्जाकडं बघत राहिली. तिच्या दंडावर चाव्याच्या जुन्या खुणा होत्या, पिवळ्या पडलेल्या. मग टेबलावर पुढं वाकून ती म्हणाली, "दादा, महिनाभर थांब. एकदा आम्ही तिघं बाहेर जाऊन येतो. कुठंही. एक तास. नीट जाऊन नीट आलो, तर हा कागद फाडायचा. नाही जमलं, तर मी सही करते."

ठोक्याला तोंडात मारल्यासारखं झालं. पण बायकोचा आवाज भांडणाचा नव्हता. दमलेला होता. दमलेल्या माणसाशी काय वाद घालणार.

मग त्यानं जागा शोधायला घेतली. सुट्टीच्या दिवशी निघायचा आणि एकेका जागी तासभर नुसता उभा राहायचा, पत्र्यावरून हात फिरवावा तसा. बागेत पिपाण्यांवाले होते, बाग बाद. तळ्यावर कुत्री, तळं बाद. नाटकघराचा मॅनेजर म्हणाला, रिकाम्या नाटकघरात बसून काय करणार, झोपायचं तर घरीच झोपा. घासून संपलेल्या पॉलिश कागदाच्या पाठीवर ठोक्या पेन्सिलीनं लिहून आणायचा. उजेड किती, वास कसला, गर्दी कधी, आवाज कसला.

मासेघर त्याला तिसऱ्या आठवड्यात सापडलं. सरकारी, जुनं, तीन पायऱ्या चढून आत. दोन दालनं, अंधारी, थंडगार. काचेमागं निळा उजेड आणि त्यात मासे, तोंड उघडून मिटून काही न बोलणारे. साळूला पाण्यातली चमक आवडायची, बादलीसमोर ती तास तास बसायची. ठोक्या काचेसमोर उभा राहिला आणि त्याच्या छातीतला दगड जरा हलला. पोरीसाठीच बांधलंय म्हणावं अशी जागा.

तिथला राखणदार म्हातारा होता, बोलघेवडा. "या मासेघरात कुणी बोलत नाही हो. म्हणून तर मी घरी जात नाही," तो म्हणाला. ठोक्यानं त्याला साळूचं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं उघडायच्या आधी अर्धा तास आत सोडायचं कबूल केलं. मग पाठ फिरवून टाक्यांत खाणं टाकता टाकता तो आणखी बरंच काही बोलला. ठोक्यानं मान हलवली. "हो, हो. बरं." तो नेहमी अशीच मान हलवायचा. समोरच्याचं बोलणं कानापर्यंत आलं नाही की माणसाची मान आपोआप हलते, आणि पुढं ती सवय होते.

त्याच आठवड्यात रजा टाकून आणखी दोनदा, असा तो एकूण तीनदा जाऊन आला. पॉलिश कागदावर लिहिलं: उजेड कमी. वास ओल्या फरशीचा. गर्दी नाही. आवाज अजिबात नाही.

निघायच्या दिवशी मालकानं स्वतःची जुनी व्हॅन दिली. ठोक्यानं तिच्या दारांचं रबर नवीन घातलं, आत गोधड्या अंथरल्या. साळूच्या फ्रॉकचं लेबल कापलं, मोजे उलटे घातले. आठ दिवस त्यानं तिला खोक्याचं मासेघर करून दाखवलं होतं. या तीन पायऱ्या, हे दार, हे पहिलं दालन, हे दुसरं. साळू गोधड्यांत बसून खोक्यातल्या पायऱ्यांवरून बोट फिरवत राहिली. बायकोनं चार वर्षांनी केसांना नीट पिन लावली होती. आरशात ठोक्याला तिचं कपाळ दिसलं आणि त्यानं गाडी आणखी सावकाश केली.

पहिल्या दालनात सगळं छान झालं. साळू एका लांबोळक्या माशापुढं उभी राहिली, काचेला नाक लावून. बायकोनं ठोक्याकडं बघून खूण केली, जी त्यांच्या खुणांत नव्हतीच. नुसता हात छातीवर ठेवला.

दुसऱ्या दालनाचा उंबरा ओलांडला आणि साळू थबकली. हात कानांवर गेले. ठोक्याला वाटलं, नवीन जागा, बुजली. तो तिच्या मागं दारात उभा होता. बायको पुढं होती, तिनं चटकन वळून खूण केली. बाहेर. लगेच बाहेर.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"तो आवाज," बायको म्हणाली. "ती शिट्टी."

"कसली शिट्टी? इथं आवाज नाही." त्याचा गॅरेजातला आवाज सुटला होता आणि काचांवर आपटत होता. "मी तीनदा आलोय इथं. थांबा. दोन मिनिटं थांबा, बसेल ती शांत."

"अहो, दार सोडा."

"दोन मिनिटं."

त्यानं दार सोडलं नाही. एकीकडं तो तास होता, दुसरीकडं तो कागद, आणि शब्द न् शब्द लिहून आणलेली स्वतःची खात्री होती. साळू किंचाळायला लागली. गोल गोल फिरली, काचेवर डोकं आपटलं आणि खाली मान घालून दाराकडं सुटली. बायको तिला अडवायला नाही, नवऱ्याला बाजूला ढकलायला धावली. ठोक्या हलला, पण उशिरा. तिघंही पहिलं दालन ओलांडून बाहेरच्या दारापर्यंत एकमेकांत अडकून गेली. बाहेर तीन पायऱ्या होत्या. साळू उतरली. बायको पडली, हात अंगाखाली येऊन, दगडावर.

हाड मोडल्याचा आवाज झाला असेल. ठोक्यानं नुसता तिचा चेहरा बघितला.

राखणदार धावत आला. "अहो, मी म्हटलं नव्हतं का तुम्हाला, आदल्या दिवशी निरोप द्या, मी पाण्यात हवा सोडायचं मशीन बंद ठेवतो. तासभरात मासे काही मरत नाहीत. वर्ष झालं, ते बारीक शीळ घालतंय. माझे दात शिरशिरतात त्यानं. तुम्ही म्हणालात, हो हो, बरं. निरोप आला नाही, मला वाटलं तिला चालतं."

"कसली शीळ?" ठोक्या म्हणाला.

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं निरखून बघितलं आणि तो एकदम हळू बोलायला लागला. तेही ठोक्याला ऐकू आलं नाही.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर ओलं असताना बायकोनं त्याला जवळ बोलावलं आणि कानाशी तोंड नेऊन सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"तुम्हाला ऐकू येत नाही. मला चार वर्षांपासून माहीत आहे."

"मला येतं."

"हातोडी ऐकू येते. मी कुजबुजले तर येत नाही. पाखरू ओरडलं तर येत नाही. त्या सगळ्या खुणा काय साळूसाठीच होत्या?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्याशी बोलायचं म्हणजे मोठ्यानं बोलावं लागतं. आपल्या घरात मोठ्यानं बोलून चालतं का?" तिनं ओलं प्लास्टर उशीवर टेकवलं. "मासेघराचं मी आधी जाऊन ऐकायला हवं होतं. पण मला बाहेर पडायचं होतं हो. तुम्ही म्हणालात शांत आहे, मी धरून चालले."

कानाच्या डॉक्टरनं कागदावर एक रेघ काढून दिली. रेघ अर्ध्यापर्यंत सपाट जात होती आणि मग कड्यावरून लोटून द्यावी तशी खाली. बारीक, उंच आवाज गेलेत, म्हणाले, ते परत येत नाहीत. ज्या पत्र्यांवर पोट भरलं त्या पत्र्यांनीच ते नेले होते, वर्षाला थोडे थोडे.

मेहुणा अर्ज घेऊन आला. यावेळी त्यानं उपदेश केला नाही, टोमणा मारला नाही. त्यामुळं ठोक्याला जास्त लागलं. सही आईनं करायची ठरली होती, पण तिचा उजवा हात गळ्यात होता.

"बापाची चालते," मेहुणा म्हणाला आणि पेन त्याच्यापुढं केलं. "दाजी, इथं. आणि मागच्या पानावर."

ठोक्यानं बायकोकडं बघितलं. तिनं कसलीच खूण केली नाही. त्यानं इथं आणि मागच्या पानावर सही केली.

शाळा म्हणजे एक लांबलचक बोळ आणि दोन्ही बाजूंना पत्र्याची दारं. वाईट जागा नव्हती. स्वच्छ होती, बायका प्रेमळ होत्या. पण दारं. पहिल्या रविवारी ठोक्या भेटायला गेला तेव्हा साळू जिन्याखाली बसलेली होती, हात कानांवर, कोपरं सोलवटलेली. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. दुसऱ्या रविवारीही नाही.

तिसऱ्या रविवारी तो रबराची वळकटी खांद्यावर घालून गेला. मोठ्या बाई म्हणाल्या, "पालक चित्रं आणतात, खेळणी आणतात. रबर पहिल्यांदाच बघतेय."

"दारांना लावतो."

"सगळ्यांना?"

"जी वाजतात त्यांना."

"आणि ते कसं कळणार तुम्हाला?" बाईंना त्याच्या कानांचं माहीत होतं. अर्जात मेहुण्यानं तेही भरलं होतं.

ठोक्यानं खिशातून खडू काढला. साळू बोळातून चालायला लागली की तो दहा पावलं मागं ठेवून चालायचा. तिचे हात वर गेले की तिथं फरशीवर रेघ ओढायचा. मग त्या रेघेपाशी गुडघ्यांवर बसून दारांना, बिजागऱ्यांना, पाण्याच्या नळीला तळहात लावून बघायचा. जे थरथरत असेल त्याला रबर. बायको प्लास्टरचा हात घेऊन बाकावर बसायची आणि तो चुकला तर मानेनं नाही म्हणायची. प्लास्टर निघालं, तरी तिची दोन बोटं पुरती मिटली नाहीत. घरी ती आता दूधवाल्याच्या पुढं, बाजारापर्यंत जायची. त्याबद्दल ती कुणाशी बोलायची नाही, आणि ठोक्याही विचारायचा नाही.

चौदा रविवार लागले बोळाला. जेवणघर अजून बाकी होतं. साळू आता जिन्याखाली बसत नव्हती, खिडकीत बसायची. त्याच्याकडं मात्र बघायची नाही. तो आला की उठून चालायला लागायची, एवढंच.

पंधराव्या रविवारी ती बोळ संपवून तशीच पुढं गेली, पटांगणात, तिथून फाटकापर्यंत. फाटकाबाहेर रस्ता होता, सावलीचा, रिकामा. बाईंनी लांबून हातानं जा म्हणून सांगितलं. बायको उठून उभी राहिली.

"कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ," ती ठोक्याच्या कानाशी म्हणाली. "दार अडवायचं नाही."

"नाही."

फाटक त्यानं दोन्ही हातांनी, जराही हिसका न देता उघडलं. साळू बाहेर पडली. आठ पावलं गेली, दहा गेली. मग तिचे हात हळूहळू वर आले, खांद्यापर्यंत, कानांपर्यंत.

रस्त्यावर काही नव्हतं. ठोक्याला काही ऐकू आलं नाही. त्यानं बायकोकडं बघितलं नाही, काय वाजतंय म्हणून विचारलं नाही. तो बाजूला झाला, पाठ भिंतीला लावून, आणि फाटक पुरतं उघडं धरलं. साळू वळली आणि त्याच्या अंगाला न लागता आत निघून गेली.

मग त्यानं खिशातून खडू काढला आणि दहाव्या पावलाशी रस्त्यावर रेघ ओढली.