नवरीने लिहिलेल्या दोन ओळी

गेटवर मिळालेला कागदी पट्टा मी एसटीच्या तिकिटासारखा मधोमध फाडला, अर्धा तिथल्या माणसाच्या हातात दिला, अर्धा खिशात टाकला आणि रुबाबात आत निघालो. त्याने मला परत बोलावलं. पट्टा मनगटाला बांधायचा होता म्हणे. बायकोने तिचा कधीच नीट बांधला होता. मग त्याने सेलोटेप काढून माझं मनगट चिकटवलं. मागे शंभरेक पोरंपोरी खोळंबली होती आणि मी बावीस वर्षं वर्गात शिस्त शिकवणारा माणूस तिथे हात पुढे करून उभा होतो.

नंदुरबारच्या उघड्या मैदानावर रॉक कॉन्सर्ट होती आणि गायक आमचाच होता. आमचाच म्हणजे तापीकाठचा, आमच्या गावापासून चार गावं पलीकडचा. आमच्याकडे लग्नात बँजो पार्टी वाजायची त्या काळात त्याने टेम्पोवर इलेक्ट्रिक गिटार चढवली. म्हातारे कानात बोटं घालायचे. मी मात्र त्याच्या टेम्पोमागे मोटारसायकलने फिरायचो. ज्या लग्नांचं आमंत्रण नसायचं तिथेही जाऊन जेवायचो.

आमच्या भागात आधी बँड मोकळा आहे का ते बघतात, मग तिथी धरतात. मी त्याच्याही पुढे गेलो. तिथी ठरली होती, पण त्या दिवशी तो दुसरीकडे वाजवणार होता. मी सासऱ्यांना सांगितलं की मामांना रजा मिळत नाही आणि माझंच लग्न अकरा दिवस पुढे ढकललं. हे खरं कारण बायकोला लग्नानंतर कळलं. अजूनही कुठे उशीर झाला की ती मला मामांच्या रजेबद्दल विचारते.

त्या लग्नात फर्माईशींच्या चिठ्ठ्या टेम्पोकडे जात होत्या. अमक्याकडून हे गाणं, तमक्याकडून ते. त्यात एक चिठ्ठी नवरीची आली. सगळ्यांना वाटलं, सिनेमातलं गाणं असेल. हिने स्वतःच्या दोन ओळी लिहिल्या होत्या. माहेर नदीच्या त्या काठाला, सासर या काठाला, म्हणून तिने लिहिलं होतं: ‘मी या काठनी का त्या काठनी, तापी माय, तूच सांग.’ त्याने वाचलं, थोडा वेळ नुसत्या तारा छेडल्या आणि गायला लागला. त्या दोनच ओळी, पण पाच-सहा वेळा. नाचणारे थांबले. माझ्या सासूबाई रडल्या, आणि सासरेही, पण ते धुळीला दोष देत होते. नंतर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “वहिनीले सांगा, हाई गानं मी आते सोडाव नही.”

सोडलं नाही त्याने. पुढे कडवी जोडली. त्याच गाण्यावर तो नाशिकला गेला, पुण्याला गेला, लोकांच्या मोबाइलमध्ये गेला. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की नवे शिक्षक रुजू झाले की जुने त्यांना आधीच सावध करतात. बायको मात्र कुणापुढे बोलली नाही. दोनच तर ओळी, म्हणायची.

त्यामुळे तो इतक्या वर्षांनी आपल्याकडे येतोय म्हटल्यावर मी तिच्या मागे लागलो. आज तो तुझं नाव घेईल, असं मी तिला छातीठोक सांगितलं. ती नाही नाही म्हणाली. मग साडी नेसली, ती बदलून दुसरी नेसली, आणि त्याबद्दल मी काही बोलू नये अशा नजरेने गाडीत बसली.

आवाज एवढा होता की छातीत कुणी खलबत्ता घेऊन कुटतंय असं वाटत होतं. चार गाणी झाली, आमचं येईना. तेव्हा मी जे आमच्याकडचा कुठलाही माणूस करेल ते केलं. डायरीचं पान फाडून चिठ्ठी लिहिली: ‘ज्या नवरीनी या वळी लिख्यात ती आज आठे उभी शे. तिन्हा नावनं ते गानं व्हई जाऊ द्या.’ खाली आमच्या गावाचं नाव. बंदोबस्तावरचा पोलीस माझा जुना विद्यार्थी निघाला, त्याने ती स्टेजवर पोचवली. मी बायकोला म्हटलं, आता बघ.

त्याने कागद उघडला. वाचला. मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा दिसत होता, आणि तो क्षणभर अगदी टेम्पोवरचा झाला. मी हात वर करायला निघालो. तेवढ्यात त्याने माईक तोंडाशी नेला, वरची ओळ गाळली आणि फक्त शेवटचं वाचलं, नाकातून, हेल काढून: “ते गानं व्हई जाऊ द्याऽऽ.” मग शहरी मराठीत म्हणाला, “काका, लग्नाचा मांडव चुकलात वाटतं.”

मैदान हसलं. अहिराणी बोलणारंच मैदान, पण हसलं. हसू आमच्या रांगेपर्यंत आलं आणि शेजारचा इकडेतिकडे पाहू लागला, कोण आहे हा काका म्हणून. मीही हसलो. चांगला मोठ्याने हसलो.

त्याने चिठ्ठी खिशात घातली आणि नेमकं तेच गाणं धरलं. आधी दोन शब्द बोलला. म्हणाला की एका पहाटे मी एकटा तापीकाठी बसलो होतो आणि या ओळी मला नदीने दिल्या. लोकांनी मोबाइलचे दिवे वर केले. सगळं मैदान गात होतं. मला तर ते गाणं झोपेतही येतं, पण तोंड उघडलं नाही. बायको स्टेजकडे बघत होती. गाणं संपल्यावर तिने पदर सारखा केला आणि निघू या म्हणाली.

परतीच्या वाटेवर प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल येईपर्यंत मी त्याला शिव्या घातल्या. बेइमान म्हटलं, उलट्या काळजाचा म्हटलं, आमच्या मांडवात जेवलेला म्हटलं. ती काच खाली करून बसली होती.

सकाळी चहाच्या वेळीही माझं तेच चालू होतं. त्याला पत्र लिहितो, पेपरात देतो, लग्नाला हजर होते त्या सगळ्यांच्या सह्या घेतो. ती मेथी निवडत होती. माझा मसुदा तिने पूर्ण ऐकून घेतला, जुडीची दोरी बाजूला ठेवली आणि म्हणाली, “लोके हसनात, तो हसना, ते जाऊ द्या. तुम्ही मन्हा बाजूले उभा व्हतात. तुम्ही काबर हसनात?”