चाळलेल्या धुळीचा ट्रक

धूळ आणि किस्से, दोन्ही आमच्या ओसरीवर न बोलावता येऊन बसतात. घर मांजरसुंब्याला, हायवेलगत. धूळ मी दिवसातून दोनदा झाडते. किस्से झाडत नाही, म्हणून एवढे साठलेत!

आमचे हे मिलिटरीत ट्रक चालवायचे, आता रिटायर आहेत. दुपारी त्यांचे दोन दोस्त येतात. एक रफिकभाई पेंटर, ज्यांनी जन्मभर ट्रक रंगवले. दुसरे दत्तूमामा, घड्याळं दुरुस्त करणारे. मागच्या वर्षी या तिघांनी मिळून मिलिटरीचा ट्रक बनवला. वीतभर लांबीचा!

तो गयाबाईंसाठी होता. गयाबाई घाटनांदूरकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. त्यांचा मुलगा सुदाम ह्यांच्या पुढची गाडी चालवायचा. एकदा डोंगरातल्या रस्त्यावर, पुढच्या गाड्यांच्या धुळीत त्याला वळण दिसलं नाही. मागच्या गाडीत हे होते. त्याला पुष्कळ वर्षं झाली.

एका लग्नात गयाबाईंनी ह्यांना गाठलं. "फौजी, माझं लेकरू कसल्या गाडीत बसत व्हतं रं? मला येकदा दाव."

 घरी आल्यावर हे म्हणाले, "अगं, फोटोनं भागायचं न्हाई. त्यांच्या हातात गाडी द्यायला पाहिजे."

* * *

भाच्यानं पुण्याहून सुटे भाग जोडून बनवायच्या ट्रकचा डबा मागवून दिला. ट्रक खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा. आत प्लास्टिकचे शेकडो तुकडे, शेंगा लागाव्यात तसे काड्यांना चिकटलेले. दत्तूमामा डोळ्याला भिंग लावून चिमट्यानं एकेक जोडायचे. मला तर त्यांच्याजवळ श्वास सोडायची भीती वाटायची.

एक दिवस ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा चिमट्यातून निसटला. ज्वारीच्या दाण्याएवढा आरसा! आणि पडला कुठं, तर शेजारी मी ज्वारी निवडत होते, त्या सुपात!

मग काय, तिघंही मांडी घालून बसले. एकेक दाणा बाजूला करत अख्खं सूप संपवलं. आरसा सापडला. पण मी तो दिवस विसरायची नाही, कारण लग्नाला तीस वर्षं झाली आणि ह्यांनी पहिल्यांदा ज्वारी निवडली!

* * *

रफिकभाईंचा हात म्हणजे देवाची देणगी. एवढ्याशा दारावर हिरवा रंग असा बसवला, की ब्रशचा एक माग दिसेना. हे खूश होऊन चहा सांगायला आत आले. बाहेर जाऊन बघतात तर काय, केबिनच्या कपाळावर पिवळ्या अक्षरांत 'आईचा आशीर्वाद'! शेजारी लिंबू-मिरची!

"रफिक! मिलिटरीचा ट्रक हाय हा! हे कावून लिवलं बे?"

रफिकभाई स्वतःच चकित. "भाऊ, कसम से, मी न्हाई लिवलं. हातानं लिवलं! कपाळ मोकळं दिसलं की त्याला ऱ्हावतच न्हाई."

पुन्हा हिरवा रंग चढला. चहा पिताना ते मला हळूच म्हणाले, "भाभी, पुसला न्हाई बरं का. झाकलाय. आशीर्वाद आत हाय."

* * *

ताडपत्री माझ्या वाट्याला आली. जुन्या धोतराचं कापड चहाच्या पाण्यात उकळून मी ती शिवली. दोरी बांधायची वेळ आली आणि हे अडले. सुदाम मेंढराला बांधतात तशी गाठ मारायचा. घट्ट बसायची, पण एका हातानं सुटायची. साहेब आधी रागावले, मग सगळ्या गाड्यांना तीच गाठ लावायला सांगितली. एवढं सगळं ह्यांना आठवत होतं, फक्त गाठ आठवत नव्हती!

चार दिवस बोटं चाळवत होते. शेवटी हायवेनं मेंढरांचा कळप चालला होता, त्याला आडवे गेले. मेंढपाळ म्हणाला, "एवढ्यासाठी थांबवलं व्हय? मला वाटलं, गाडीखाली मेंढरू आलं!"

पण बिचाऱ्यानं उन्हात उभं राहून शिकवली.

* * *

आता मला वाटलं, झालं. पण हे ट्रककडं बघून तोंड वाकडं करत होते. "हा शोरूमचा दिसतोय. तिकडं डोंगरात आठ दिवसांत गाडीचा रंग ओळखू यायचा न्हाई."

म्हणजे धूळ लावायची! आमची काळी माती चालेना. तिकडची धूळ म्हणे पांढरट, पिठासारखी. दत्तूमामा म्हणाले, "मग पीठच लावा की!" लावलं. सकाळी बघतो तर मुंग्यांनी ट्रक ताब्यात घेतलेला, टपापासून टायरापर्यंत!

शेवटी खडीच्या मशीनजवळची धूळ आणली. मी ती ओढणीतून तीनदा चाळली. जन्मभर धूळ पुसली आणि आता चाळून लावतेय, असं म्हणत माझं मलाच हसू येत होतं. हे एकेका सांदीत ती ब्रशनं बसवत होते. चाकाजवळ दाट, टपावर विरळ. स्पंजच्या तुकड्यानं रंग टिपून कडेला टवके उडाल्यासारखं केलं, बिजागरीला गंज आणला. सगळ्यात जास्त दिवस समोरच्या काचेला लागले. सगळी काच धुळकट, त्यात वायपरनं पुसलेला अर्धगोल तेवढा जरा उजळ.

"एवढ्यातूनच रस्ता दिसायचा," हे म्हणाले. 

* * *

आणि मग मी घात केला.

दसऱ्याला आपल्याकडं गाड्या धुतात. मी मोटरसायकल धुतली, सायकल धुतली. ओसरीत ट्रक दिसला. वर्षाचा सण, गाडी मळकी कशी ठेवायची? हाताला सवयच ती! साबणाच्या पाण्यात बुडवला, फडक्यानं पुसला, कुंकू लावलं, झेंडूचं एक फूल ठेवलं. ट्रक चकचकीत झाला. मग बादलीतलं पांढरट पाणी दिसलं.

हे आले. ट्रक उचलून बघितला. मला रडूच फुटलं.

"अहो, महिन्याचं काम घालवलं मी."

"रडतीस कशाला? धुतलेली गाडी पुन्हा घाटात जातीच की." आणि ओढणी माझ्या हातात दिली.

* * *

दिवाळी झाल्यावर आम्ही चौघं गयाबाईंकडं गेलो. त्यांनी ट्रक मांडीवर घेतला, लेकरू घ्यावं तसा. चाकं फिरवून पाहिली. बोट दोरीवर गेलं तसं थांबल्या.

"ही आमच्या घरची गाठ हाय."

ह्यांनी मान हलवली.

"सुदाम कोन्या अंगाला बसायचा?"

ह्यांनी उजवीकडची जागा दाखवली. गयाबाईंनी ट्रक डोळ्यांजवळ नेला. आत पाहिलं. मग पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि काचेकडं नेलं.

रफिकभाई अर्धे उठले. "मावशी, धूळ..."

ह्यांनी त्यांचं मनगट धरून खाली बसवलं.

गयाबाईंनी समोरच्या काचेची उजवी बाजू पुसली. कोपऱ्यापर्यंत, सावकाश, पुन्हा पुन्हा.

"समोरचं दिसाया पायजे की त्याला," म्हणाल्या.