केझाया मावशीची पायवाट

बग्गीतून जाणारे शहरी लोक आमच्या नेदर कॉम्बलीच्या टेकडीवर थांबतात. काटेरी झुडपांची कुंपणं, ओढा, चर्चचा मनोरा बघतात आणि म्हणतात, "किती शांत गाव!" मला हसू येतं. आमच्याकडे शांतता असते ती रविवारी प्रार्थनेच्या वेळी. बाकीचे सहा दिवस बांधांवरून डोकी फुटत असतात.

माझी मावशी केझाया पार्जिटर जन्मालाच मुठी आवळून आली असणार. ती खालच्या आळीत राहायची आणि गावाचे कपडे धुवायची. नवऱ्यानं तिच्यावर एकदाच हात उगारला. तिनं कपडे ढवळायच्या दांडक्यानं त्याचे दोन दात पाडले, आणि पुढची तीस वर्षं दोघं गुण्यागोविंदानं नांदली. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. स्वतः बडव बडव बडवायची, पण दुसऱ्या कुणी मला बोट लावलं तर त्याची धडगत नसे. तिचा राग माझ्यात पुरेपूर उतरलाय.

खालच्या आळीतून झऱ्यावर आणि चर्चला जायची पायवाट हॉर्लॉक नावाच्या बड्या शेतकऱ्याच्या शेतातून जायची. त्यानं फाटकाला साखळी ठोकून ती बंद केली. पाण्यासाठी सडकेनं दोन मैलांचा वळसा पडू लागला. मावशीनं कुऱ्हाडीनं फाटक फोडलं. नवं बसवलं, तेही फोडलं. तिसऱ्या खेपेला हॉर्लॉकचा मुकादम जेथ्रो स्टब्ज यानं तिचा हात फटीत धरून फाटक लोटलं. कपडे पिळणाऱ्या हाताची दोन बोटं मोडली. तिनं दुसऱ्या हातानं त्याचा कान फाडला, पण वाट बंद ती बंदच.

आता आमच्याकडे पणज्यापासून सगळे मानतात, की ज्या जमिनीवरून प्रेत गेलं ती वाट कायमची सगळ्यांची. हॉर्लॉकही मानायचा. म्हणून तर आमच्या आळीत कुणी नुसतं खोकलं तरी त्याची माणसं सोटे घेऊन फाटकावर बसत. पण त्या वसंतात मेलंच नाही कुणी. आणि सोमवारी शेतात नांगर घालणार होते, मग वाटेची खूणही उरली नसती.

"मग मीच मरते," मावशी म्हणाली. "शनिवारी."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"गप रे, ॲम्ब्रोज. ईलाय सुतार मयताची पेटी करील, श्वासापुरती बुडाला भोकं पाडील. चर्चपर्यंत न्या, मग दगड भरून पुरा. मी जाते ब्रिस्टलला मावसबहिणीकडे. पुन्हा नाही येत."

"घर सोडशील?"

"घरात पाणीच नाही, तर घर काय चाटायचंय?"

शनिवारी सकाळी आम्ही सहा जणांनी खांदा दिला. मी पुढे उजवीकडे होतो. मागे बाया तोंडाला रुमाल लावून हसू दाबत होत्या. फाटकात जेथ्रो आणि त्याची चार माणसं उभी होती.

"सडकेनं जा!" जेथ्रो म्हणाला.

"मयताची वाट अडवतोस? लाज वाटते का?" ईलाय ओरडला, आणि त्यानं साखळीवर कुऱ्हाड घातली.

मग सोटे बरसले. माझ्या मागच्याचं नाक फुटलं, तरी तो रक्त थुंकत चालत राहिला. शेताच्या मध्यावर माझ्या जोडीचा माणूस गुडघा फुटून खाली बसला. पेटीचा पुढचा सगळा भार माझ्या एकट्यावर आला. तेवढ्यात जेथ्रोचा सोटा पेटीवर बसला आणि आतून आवाज आला, "नीट धरा रे, गाढवांनो!"

जेथ्रो क्षणभर पांढराफटक पडला. मग खदखदून हसला. "थेरडी जिवंत आहे की! काय गं, बोटं मोडली, आता मान मोडू?"

माझं डोकं भणाणलं. मी खांदा सोडला आणि त्याच्या जबड्यावर ठोसा हाणला. तो पडला तसा त्याच्या छातीवर बसून मारतच सुटलो. मागे पेटी दगडावर आदळली ती मी ऐकली, पण हात थांबेना.

थांबला तेव्हा मी वळून पाहिलं. झाकण उडालं होतं आणि मावशीची मान भलतीकडे वळली होती.

जेथ्रोनं रक्त थुंकलं आणि टोपी काढली. ईलायनं झाकण पुन्हा ठोकलं. उरलेल्या शेतातून कुणी अडवलं नाही.

चर्चच्या दारात पाद्री उभे होते. बोभाटा आमच्याआधी पोचला होता. "ही कधी गेली?" त्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ईलाय कानाशी कुजबुजला, "शेतात गेली म्हणालास तर निम्मीच वाट मिळेल."

पाद्री आमच्या मागून आलेल्या जेथ्रोकडे वळले. "स्टब्ज, आतून आवाज आला म्हणतात?"

"मेलेलं माणूस बोलतं होय, साहेब?" जेथ्रो म्हणाला. पेटीवरचा सोटा त्याचा होता. त्यालाही फास चुकवायचा होता.

माझ्यासमोर बायबल आलं. मी रक्ताळलेला हात त्यावर ठेवला. "गुरुवारी," मी म्हणालो. "तिच्या अंथरुणात. झोपेत."

वाट मिळाली. पुढे एका वकिलानं सांगितलं, की प्रेतानं वाट होते असला कायदाच नाही. पण तोवर हॉर्लॉक वारला होता आणि वाट पुरती रुळली होती. आळीतल्या बाया तिथून पाणी आणतात आणि मला दुवा देतात. तो ऐकवत नाही. गुत्त्यात थोडी जास्त झाली की मी उभा राहतो आणि ओरडतो, "तिला मी मारलं! मी सोडलं तिला!" कुणी मान वर करून बघतही नाही. जेथ्रो म्हातारा झालाय. तोच उठतो, माझा पेला भरतो आणि खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "गुरुवारी गेली ती, ॲम्ब्रोज. बस खाली."