भादव्यात पाहिलेलं पाणी

"साहेब, इथं आमी नाई राह्यणार," हिरामण नाईक म्हणाला, आणि मी ठोकायला घेतलेली खुंटी हातातच राहिली.

साठ सालानंतरची गोष्ट. दिग्रसच्या पुढे डोंगरात एक लहान तलाव व्हायचा होता. मी त्या कामावर ओव्हरसियर, म्हणजे इंजिनिअर आणि मजूर दोघांच्याही शिव्या खाणारा माणूस. नोकरी अजून टेंपररी होती. तलावात अकरा घरांचा बंजारा तांडा बुडणार होता. हिरामण त्या तांड्याचा प्रमुख. ही माणसं गुरांमागे रानोमाळ हिंडणारी, गावाच्या दाटीत त्यांचा जीव रमत नसे. त्यांच्यासाठी डोंगरावरच जागा शोधायची होती आणि तीही सरकारी पडीत, कारण विकत घ्यायची सोय नव्हती.

मी माथ्यावरचं एक पठार निवडलं. वारा छान, रस्ता जवळ, शेजारी जुनी विहीर काठोकाठ भरलेली. लेव्हल लावली. लेव्हल म्हणजे तिपाईवरची दुर्बीण, तिच्यातून जमिनीचा चढउतार कळतो. रिपोर्ट यवतमाळला धाडला, तिथल्या इंजिनिअर साहेबांनी मंजूर केला. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. त्यानंतर वैशाखात प्लॉट आखायला आलो, तर हे.

"काहून नाही राहणार?" मी त्याच्यासारखंच वऱ्हाडीत विचारलं.

"आमच्या याडीले ईचारा."

याडी म्हणजे आई. म्हातारी बादली आणि दोर घेऊनच आली होती. तिनं बादली विहिरीत सोडली. तळाशी दगडावर आपटल्याचा खणखणाट वर आला. मी सकाळपासून त्या विहिरीशेजारी खुंट्या ठोकत होतो, पण आत डोकावायचं काही सुचलं नव्हतं.

"पाणी कवा पाह्यलं तू?" तिनं विचारलं.

"भाद्रपदात."

"भादव्यात तं खडकालेबी पाणी फुटते, बापू."

मग ती आणि हिरामण मला गुरांमागे घेऊन गेले. उन्हाळाभर त्यांच्या गाई दुपारी पाण्यावर जात, ती जागा डोंगराच्या पलीकडच्या उतारावर होती. दोन उंबर, खाली ओलसर खड्डा. हिरामणनं हातभर उकरलं, तर पाणी आलं. जागा चढाची, दगडाळ, रस्ता नाही. पण होती सरकारी पडच.

"हे आधी का नाही सांगितलं?" मी जरा चिडूनच म्हणालो.

"तुमी ईचारलं कुठी?" हिरामण म्हणाला. "तुमी तं दुर्बिणीत पाहून राह्यलते."

मला फार लाज वाटली. ही चूक तशीच राहिली असती, तर दर उन्हाळ्यात तांड्यातल्या बायकांनी माझ्या नावानं बोटं मोडत डोंगर चढउतार केला असता.

यवतमाळला साहेबांसमोर उभा राहिलो.

"मंजूर जागा बदलायची? कारण?"

"विहीर आटते, साहेब."

"रिपोर्टात तर 'मुबलक पाणी' आहे. कोणी लिहिलं?"

"मीच."

"मग चूक तशी लेखी द्या. तुमची कायम करायची फाईल याच टेबलावर आहे, माहीत आहे ना?"

माहीत होतं. घरी बायको त्याच कागदाची वाट पाहत होती. व्हरांड्यात बसून दोन कागद फाडले, तिसऱ्यावर सरळ लिहिलं: पाणी भाद्रपदात पाहिले, उन्हाळ्यात पाहिले नाही, चूक माझी.

पाऊस लागायच्या आत तांडा उंबरांच्या उतारावर गेला. माझं कायम होणं वर्षभर लांबलं. बायको आठवडाभर बोलली नाही. आणि साहेबांनी फाईलवर शेरा मारला: यापुढे या ओव्हरसियरने पाण्याच्या सर्व पाहण्या वैशाखातच कराव्यात.

साहेब बदलले, शेरा राहिला. लोक सुट्टीत थंड हवेला जात, तेव्हा मी तापलेल्या डोंगरांवर विहिरींत वाकून बघत असे. नोकरीतले सगळे वैशाख असे भाजून निघाले. पण मी निवडलेल्या जागेवरून एकही वस्ती पाण्यापायी उठली नाही.