दुधात फेटलेलं अंडं

मंठ्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. त्या उन्हाळ्यात माझी धाकटी नणंद मुदतीच्या तापातून उठली, तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या. सोळा-सतरा वर्षांची पोर, लग्न ठरलेलं. जिवावरचं टळलं, आता तिच्या अंगावर जल्दी मांस चढावं, एवढीच घरात सगळ्यांना घाई.

मंठ्याचे हकीमसाहेब घरी आले. नाडी पाहून म्हणाले, "रोज सकाळी एक कच्चं अंडं कोमट दुधात फेटून द्या. साखर, थोडं जायफळ."

मी दाराआडून सासूबाईंना हळूच म्हटलं, "आत्याबाई, उकडून दिलं तर?"

ते हकीमसाहेबांनी ऐकलं. "उबाळलं की ताकद गेली. कच्चंच द्या."

सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. अंड्याला त्यांनी हात लावला नाही, पण लेकीसाठी एक जर्मनचा पेला वेगळा काढून दिला. फेटायचं काम माझ्याकडं आलं.

अंडी मी धनगरवस्तीवरच्या एका बाईकडून आणायची. घरी आणली की पाण्यात टाकून बघायची. तरंगलं ते फेकायचं, बुडालं ते चांगलं, एवढंच मला ठाऊक. ती भुशात ठेवायची. बाहेर ऊन असं की दुपारी भुसाही गरम लागायचा.

दहा-बारा दिवस बरे गेले. नणंद नाक दाबून प्यायची, मागून गुळाचा खडा खायची आणि हसायची. गालांवर थोडी लाली आली होती.

एका सकाळी तिनं पेला तोंडापाशी नेला आणि खाली ठेवला.

"वैनी, आज न्हाई जात मला."

मी वास घेतला. दुधाचा, जायफळाचा. दुसरं काही नाही. "आता सवय झालीय की वन्सं. डोळे मिटा अन् घटकन प्या. माझ्यासाठी."

ती प्यायली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला उलटी झाली. मंग जुलाब लागले, अंग तापलं. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. दिरांनी गाडी जुंपली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. पाणी पाजलं की ते तसंच बाहेर यायचं.

मंठ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "आजारातून उठलेल्या माणसाला कच्चं अंडं देऊ नये, बाई. त्यातही उन्हाळ्यात. आत काय असतं ते दिसत नाही, वासही येत नाही."

"मी पाण्यात टाकून बघितलं होतं."

"त्यानं शिळं कळतं. रोग नाही कळत. उकडलं असतं तर बराबर झालं असतं."

शिरेतून द्यायचं मिठाचं पाणी त्यांच्याकडं संपलं होतं. जालन्याला मिळेल म्हणाले. जालन्याची मोटर सकाळीच गेल्ती. दुसरी उद्या. बैलगाडीनं दीड दिवस. दीर रस्त्यावर जाऊन उभे राहिले, एखादी मोटर येतेय का बघत. मी चमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजत राहिले. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. बोलायची ताकद तिच्यात नव्हती.

दिवेलागणीला ती गेली. दीर अजून रस्त्यावरच होते.

घरात मला कुणी एक शब्द बोललं नाही. सासरे हकीमसाहेबांनाही काही बोलले नाहीत. म्हणाले, "त्यांनी चांगल्यासाठीच सांगितलं." मी रोज वाट बघायचे, कुणीतरी बोलेल. शेवटी एके दिवशी ज्वारी निवडताना मीच विचारलं, "आत्याबाई, माझ्यामुळं झालं का?"

त्यांचे हात सुपावर थांबले. त्या म्हणाल्या, "मला न्हाई माहीत, बाई." आणि पुन्हा खडे वेचू लागल्या.