संध्याकाळची नौबा, नाश्त्याला

अबुधाबीतल्या एका हॉटेलात दर गुरुवारी संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम असतो. साउंड मी लावतो. सामान शारजाहून निघतं आणि वाटेत, खलिफा सिटीत मुलीकडे राहणाऱ्या उस्तादांना मी गाडीत घेतो. ते मोरोक्कोचे, अंदलुसी गाणं गाणारे. शेकडो वर्षांपूर्वी स्पेनमधून त्यांच्याकडे आलेलं हे गाणं ते गुरूच्या तोंडून ऐकत, मांडीवर ताल धरत शिकले. गायक असून वादकांच्या पुढे बसत नाहीत, त्यांच्यातच बसतात. सुरुवात इतकी संथ की नवख्याला वाटावं, अजून वाद्यंच जुळवताहेत. लय धावते ती शेवटी. एका बैठकीच्या गाण्याला ते नौबा म्हणतात, आणि नौबेची वेळ ठरलेली असते.

"आमच्या रागांचंही असंच," मी एकदा मोडक्या अरबीत म्हणालो.

"मग तू घरचाच की, हबीबी."

घरचा म्हणूनच त्यांनी मला एकदा रेकॉर्डिंग करू दिलं. फक्त तुझ्यासाठी, असं बजावून. मॅनेजरने ते मागितलं, संध्याकाळी लॉबीत लावतो म्हणाला. काम हातचं जाईल या भीतीने मी दिलं. संथ भाग त्याला नको होता. तोही मीच कापला.

परवाच्या गुरुवारी तालमीसाठी आम्ही सकाळीच पोचलो. नाश्त्याच्या हॉलमध्ये उस्तादांचाच आवाज चालू होता. संध्याकाळची नौबा, आणि समोर लोक ऑम्लेटच्या रांगेत. ताल धरायला त्यांचा हात मांडीकडे गेला, पण गाणं थेट धावत्या लयीतच सुरू झालं होतं. हात तसाच राहिला.

"सुरुवात कुठे गेली?"

"हॉटेलवाल्यांनी कापली असेल."

"त्यांना दिलं कोणी?"

मॅनेजरने मला फसवलं, हे सांगायचं ओठांवर आलं होतं. पण त्यांच्याकडे बघून ते सांगायची लाज वाटली.

"खलास," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

संध्याकाळी मी त्यांच्यासमोर माइक ठेवला. त्यांनी तो शांतपणे उचलून माझ्या हातात दिला. "आज नको."

ते माइकशिवाय गायले. मागच्या टेबलांपर्यंत आवाज पोचेना. मॅनेजर येऊन कुजबुजला, "अरे, यांचा आवाज वाढव ना."

मिक्सरवरचं त्यांच्या आवाजाचं बटण माझ्या बोटाखालीच होतं. त्याला जोडलेला माइक माझ्या मांडीवर पडला होता.